मिश्र सूत आणि खानदेशचा कापूस

कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात कापसाचेच कपडे दुर्मिळ व्हावेत, ही गोष्ट चमत्कारिक वाटली तरी खरी आहे. धरणगाव तालुक्यातील कोणत्याही गावी शाळा सुटण्याच्या वेळी पाहिल्यास मुलांच्या गणवेशाचे कापड बहुधा मिश्र सुताचे आढळते. बाजारात मिळणारे सदऱ्याचे कापड, चादरी, टॉवेल यांतही पॉलिएस्टरचा कमीअधिक अंश असतो, आणि रोजच्या वापरातील साडी तर पुष्कळदा सगळीच पॉलिएस्टरची असते. हंगामात त्याच गावाशेजारच्या जिनिंगच्या आवारात पांढऱ्या कापसाचे ढीग लागलेले असतात. हे पाहून शेतकऱ्याच्या मनात साहजिकच येते की, ह्या कारखान्यातल्या धाग्याने आपल्या कापसाचा भाव खाल्ला, आणि मिश्र सूत म्हणजे कापसात केलेली भेसळच होय.

ह्या समजुतीत थोडे सत्य आहे. परंतु तिच्या आधाराने वागल्यास नुकसान शेतकऱ्याचेच होते. मिश्र सूत आता जाणारे नाही. त्यात कापसाचा वाटा असतो, आणि तो वाटा चांगल्या कापसालाच मिळतो. तेव्हा कापूस उत्पादकाने पॉलिएस्टरला दोष देत बसण्यापेक्षा आपला कापूस त्या मिश्रणाच्या योग्यतेचा करावा, आणि तसा तो केल्यावर त्याचा मोबदला संघटितपणे मागावा, हे अधिक हितावह आहे. असे का म्हणावयाचे, ते समजण्यासाठी मिश्रण म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मिश्रण आणि भेसळ

खानदेशात कळण्याची भाकरी सर्वांच्या परिचयाची आहे. ज्वारीत उडीद मिसळून दळतात. ज्वारीने भाकरीला अंग येते, उडदाने तिला चिकटपणा व कस येतो. हे मिश्रण जाणूनबुजून, ठरावीक प्रमाणात व दोन्ही धान्ये निवडून केलेले असते. म्हणून त्याला कोणी नाव ठेवीत नाही. त्याच ज्वारीत कोणी खडे मिसळले, तर ती भेसळ होय. कापडाच्या बाबतीतही हाच भेद लागू पडतो. प्रमाण ठरलेले असावे, दोन्ही घटक स्वच्छ असावेत, आणि घेणाऱ्याला ते माहीत असावे, ह्या तीन गोष्टी असतील तर ते मिश्रण होय. यांपैकी एकही नसेल तर ती भेसळ होय.

दोन तंतू एकत्र आणण्याची कला आपल्याकडे नवी नाही. मराठवाड्यातील प्रसिद्ध हिमरू हे कापड सूत आणि रेशीम एकत्र विणूनच होते. मात्र त्यात दोन निराळी सुते मागावर एकत्र येतात. आजच्या मिश्र कापडात सूत कातण्यापूर्वीच दोन तंतू एकमेकांत मिसळतात, त्यामुळे एकाच धाग्यात दोन्ही असतात. पॉलिएस्टर व कापूस यांच्या अशा हातसुताचे ‘पॉलीवस्त्र’ खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या कार्यक्रमातही आलेले आहे.

भेसळीचा इतिहासही जुनाच आहे, आणि तो मात्र आपल्याला भूषणावह नाही. सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांनी धरणगावला वखार घातली, ती येथील कापडाच्या व्यापारासाठी. पुढे कापड मागे पडून रुईचा व्यापार वाढला. त्यात चांगल्या कापसात हलका कापूस, सरकी, माती आणि पाणी मिसळण्याचे प्रकार इतके झाले की, मुंबई सरकारला १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. विसाव्या शतकात आखूड धाग्याचा, पण रुईचा उतारा जास्त देणारा कापूस लांब धाग्याच्या कापसात मिसळला जाऊ लागला. म्हणून १९२३ साली कापूस वाहतुकीचा आणि १९२५ साली जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा असे दोन कायदे झाले. ह्यावरून एवढे दिसते की, कृत्रिम तंतू भारतात तयारही होत नव्हता, तेव्हापासून कापसाचे नाव बिघडले ते कापसातच झालेल्या भेसळीमुळे.

मानवनिर्मित तंतूंची ओळख

मानवनिर्मित तंतूंचे दोन मुख्य प्रकार शेतकऱ्याने लक्षात ठेवावेत. पहिला व्हिस्कोज. हा लाकडाच्या लगद्यापासून करतात. म्हणजे त्याचे मूळ द्रव्य कापसाप्रमाणेच वनस्पतीचे असून त्याला धाग्याचे रूप तेवढे कारखान्यात मिळते. इंग्लंडमध्ये १८९२ साली ह्या पद्धतीचा शोध लागला. भारतात मध्य प्रदेशातील नागदा येथे १९५४ पासून त्याचा आखूड कापलेला तंतू तयार होऊ लागला. दुसरा पॉलिएस्टर. हा खनिज तेलापासून निघणाऱ्या रसायनांचा करतात. १९४१ साली व्हिनफील्ड व डिक्सन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी तो शोधून काढला, आणि ‘टेरिलीन’ ह्या नावाने तो प्रसिद्ध झाला. आपल्याकडे १९६५ साली ठाणे येथे त्याचे उत्पादन सुरू झाले. टेरिलीन आणि कॉटन ह्या दोन शब्दांच्या संयोगातून ‘टेरिकॉट’ हा शब्द रूढ झाला. एके काळी लग्नात टेरिकॉटचा सदरा मिळणे ही प्रतिष्ठेची बाब होती, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

दोन तंतू एकत्र का आणतात

प्रत्येक तंतूला गुण आहेत तसे दोषही आहेत. नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कपडा घाम टिपतो आणि वैशाखाच्या उन्हात सुखकर वाटतो. पॉलिएस्टरचा कपडा अंगाला चिकटतो. कापूस ओला झाल्यावर अधिक बळकट होतो, म्हणून धोपटून धुतला तरी टिकतो. व्हिस्कोज मऊ व चकचकीत असले तरी ओले झाल्यावर कमजोर पडते. पॉलिएस्टर ओले काय आणि कोरडे काय, सारखेच बळकट राहते. त्याला सुरकुत्या पडत नाहीत, ते लवकर वाळते, आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. सुती कापड आटते, चुरगळते आणि कोपरा-गुडघ्याशी लवकर विरते.

ज्या घरात मुलाला वर्षाकाठी गणवेशाचे दोनच जोड घेता येतात, त्या घराला टिकाऊपणाची किंमत कळते. कापूस अंगाला सुख देतो आणि पॉलिएस्टर आयुष्य देते. दोन्ही एका कापडात आणावीत, हा मिश्रणाचा हेतू आहे. तयार कापडात पॉलिएस्टर ६५ ते ६७ भाग व कापूस ३३ ते ३५ भाग हे प्रमाण फार प्रचलित आहे. कापसाचा भाग अर्ध्याहून अधिक असलेली मिश्रणेही पुष्कळ होतात. शेजारच्या मालेगावात यंत्रमागांवर सुती कापडाबरोबर अशा मिश्र सुताचे कोरे कापडही विणले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कापसात थोडेसे पॉलिएस्टर टाकले की सूत तेवढ्या प्रमाणात बळकट होते, असा समज आहे. तो बरोबर नाही. कापसाचा तंतू आपल्या लांबीच्या सुमारे ६ ते ८ टक्के ताणला गेला की तुटतो. पॉलिएस्टरचा तंतू त्याच्या दुप्पट-तिप्पट ताण घेतो. सुतावर ओढ आली म्हणजे आधी कापूस तुटतो आणि सर्व भार उरलेल्या पॉलिएस्टरवर पडतो. ते थोडेच असले तर त्यालाही तो भार पेलत नाही. त्यामुळे पॉलिएस्टर अगदी अल्प प्रमाणात असलेले सूत पुष्कळदा शुद्ध कापसाच्या सुताहूनही कमजोर निघते. बैलजोडीतला एक बैल आधीच बसला तर दुसरा एकटा गाडी ओढू शकत नाही, तसाच हा प्रकार आहे. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे, आणि म्हणूनच मिश्रणात जाणारा कापूस स्वतः सशक्त असावा लागतो. कमजोर कापसाचे दोष पॉलिएस्टर झाकून नेते, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे.

गिरणीला कोणता कापूस हवा असतो

पॉलिएस्टरचा तंतू कारखान्यातून हव्या त्या लांबीचा कापून येतो. कापसाशी मिसळण्यासाठी तो साधारणतः ३८ मिलिमीटर लांब ठेवतात. त्याचा प्रत्येक तंतू सारख्या लांबीचा, सारख्या जाडीचा आणि स्वच्छ असतो. त्याच्या जोडीला बसणाऱ्या कापसाची आजची चांगली लांबी २८ ते ३० मिलिमीटर आहे, आणि एकाच बोंडातील तंतूही सारखे नसतात. शिवाय कापसाबरोबर पाला, नख्यांचे तुकडे, सरकीची टरफले व धूळ येते. म्हणून सूतगिरणीत कापूस निराळा पिंजून व विंचरून घेतात. विंचरणीत आखूड तंतू गाळले जातात. मग कापसाचे पेळू आणि पॉलिएस्टरचे पेळू यंत्रावर शेजारी शेजारी लावून एकत्र ओढतात. सारख्या वजनाचे चार पेळू पॉलिएस्टरचे व दोन कापसाचे घेतले की ६७ व ३३ चे प्रमाण आपोआप साधते. तीच ओढणी पुन्हा पुन्हा केल्याने तंतू एकजीव होतात आणि मग सूत कातले जाते.

ह्या रीतीवरून गिरणीची गरज कळते. कापूस जितका आखूड व असमान, तितका विंचरणीत गाळ जास्त निघतो आणि गिरणीला तो महाग पडतो. जे आखूड तंतू गाळूनही राहतात, ते सुताच्या बाहेरच्या अंगाला येऊन सूत केसाळ करतात, आणि अशा कापडावर वापरात गोळ्या धरतात. अपक्व बोंडांतील तंतू चपटे व दुबळे असतात. त्यांच्या बारीक गुठळ्या होतात आणि त्यांना रंग चढत नाही. मिश्र कापडाला आधीच दोन निराळे रंग द्यावे लागतात. पॉलिएस्टरला सुमारे १३० अंश उष्णतेवर एक आणि कापसाला दुसरा. दोन्ही रंगांची छटा जुळवून आणल्यावर मध्येच पांढरे ठिपके दिसले तर ते कापड हलक्या प्रतीत जाते.

शेतात होणारी खरी भेसळ

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळले पाहिजे. गिरणीत पॉलिएस्टर मोजून मिसळतात. परंतु त्याआधीच, शेतात व घरात, कापसात दुसरा एक कृत्रिम तंतू नकळत मिसळत असतो. तो म्हणजे प्लॅस्टिकच्या गोणीचा. खताच्या रिकाम्या गोण्या वेचणीसाठी वापरल्या जातात. त्यांच्या कडा उसवतात आणि धागे कापसात जातात. तोंड बांधलेली प्लॅस्टिकची सुतळी तोडून तेथेच टाकली जाते. वाहनावर ताडपत्री आच्छादतात, तिचेही धागे सुटतात. ह्या गोण्या पॉलिप्रॉपिलीन नावाच्या पदार्थाच्या असतात. जिनमध्ये हे धागे रुईत मिसळले की वेगळे काढणे फार कठीण. गिरणीच्या पिंजणयंत्रात एका वीतभर सुतळीचे शेकडो बारीक तुकडे होतात आणि ते लांबच लांब सुतात पसरतात.

साध्या सुती कापडात हे तुकडे रंग घेत नाहीत म्हणून डाग दिसतात. मिश्र कापडात नुकसान त्याहून मोठे आहे. पॉलिएस्टरमुळे कापडाची घडी टिकावी म्हणून ते १८० ते २०० अंश किंवा अधिक उष्णतेतून काढावे लागते. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंशांवरच वितळते. त्यामुळे तो तुकडा कापडातच वितळून तेथे डाग किंवा छिद्र पडते. कापड विणून, रंगवून तयार होईपर्यंत दोष लपून राहतो आणि सर्व खर्च झाल्यावर उघडकीस येतो. म्हणून कचरा असलेल्या मुलखाचा कापूस घेताना गिरणी सावध असते, आणि तिच्या सावधपणाची किंमत भावातून वसूल होते. एका शेतकऱ्याच्या दोन गोण्यांतील सुतळीमुळे साऱ्या गावाच्या कापसाचे नाव जाते.

ह्यावरचे उपाय साधे आहेत आणि त्यांतील बहुतेकांना पैसा लागत नाही. दव सुकल्यावरच वेचणी सुरू करावी. पूर्ण उमललेली बोंडेच वेचावीत. जुन्या सुती साडीची किंवा चादरीची झोळी वेचणीला वापरावी. वेचणाऱ्यांनी डोक्याला सुती रुमाल बांधावा, म्हणजे केस कापसात जात नाहीत. पावसात भिजलेला, पिवळा पडलेला आणि किडका, म्हणजे कवडी, कापूस पहिल्यापासून निराळा ठेवावा. पहिल्या व दुसऱ्या वेचणीचा कापूस शेवटच्या वेचणीत मिसळू नये. डिसेंबरनंतर पाणी देऊन फरदड घेण्याचा मोह टाळावा. तो कापूस आखूड व अपक्व तर असतोच. शिवाय गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा तोच देतो. भाव वाढेल ह्या आशेने घरात कापूस ठेवावयाचा असल्यास तो सुती कापडावर, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावा.

भावाचा प्रश्न

इतके सांगितल्यावर शेतकरी एक प्रश्न विचारतो, आणि तो रास्त आहे. स्वच्छ कापूस वेचून दिला तर भाव जास्त मिळतो काय? गावात येऊन होणाऱ्या खेडा खरेदीत बहुधा मिळत नाही. व्यापारी मूठभर कापूस पाहतो आणि सर्व गावाला एकच भाव सांगतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. त्यामुळे वेचणाऱ्या बाईने सावकाश व स्वच्छ वेचले तर तिची मजुरी बुडते. तिला स्वच्छतेसाठी किलोमागे दोन रुपये जादा दिले, असे धरले, तर क्विंटलला दोनशे रुपये खर्च वाढला. हे दोनशे रुपये विक्रीत परत येत नसतील, तर स्वच्छ वेचणीचा उपदेश शेतकऱ्याने कोणत्या आधारावर ऐकावा? कार्यकर्त्याने ह्या प्रश्नाला बगल देऊ नये. दिल्यास पुढच्या सभेला कोणी येणार नाही, आणि आले तरी ऐकणार नाही.

तथापि धाग्याच्या गुणाला किंमतच नाही, असे मात्र नाही. शासनाने २०२५-२६ हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आधारभूत भाव ठरविला. ह्यात केवळ धाग्याच्या प्रतीमुळे चारशे रुपयांचे अंतर आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. म्हणजे जेथे मोजमाप आहे, तेथे गुणाची किंमत आहे. जेथे केवळ नजरेचा अंदाज आहे, तेथे ती नाही. शेतकऱ्याने आपला कापूस मोजमापाच्या दारी न्यावा, हे ह्यातून निघते.

एकट्या शेतकऱ्याला हे साधत नाही. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. १७० किलोची एक गाठ बांधण्यास सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. गिरणीला विकण्यासाठी शंभर गाठींची खेप करावयाची तर पाचशे क्विंटल कापूस एका प्रतीचा हवा. एकरी पाच क्विंटल उत्पन्न धरले तर तो शंभर एकरांचा होतो. एका घराजवळ इतकी जमीन नसते. परंतु वीस-पंचवीस घरे एकत्र आली तर ती सहज भरते. अट एकच, त्या सर्वांनी एक वाण लावला पाहिजे. आज एकेका गावात डझनावारी निरनिराळे संकरित वाण पेरले जातात. प्रत्येकाच्या धाग्याची लांबी व जाडी निराळी. ते सारे एकाच ढिगात गेल्यावर निघणारी रुई असमान असणारच. राज्यातील ‘स्मार्ट’ प्रकल्पात ‘एक गाव, एक वाण’ ही कल्पना कापसासाठी घेण्यात आली, ती ह्याच कारणाने. त्यात शेतकऱ्यांच्या गटांनी कापूस न विकता जिनिंगमध्ये रुई काढून, गाठी बांधून, त्यांची तपासणी करून विकावी, असा उद्देश आहे.

खानदेशाला ही गोष्ट अपरिचित नाही. जरीला हा वाण येथे पसरला तेव्हा त्याच्या एकसारखेपणामुळे मुंबईच्या वायदेबाजारात तो पुष्कळ वर्षे प्रमाण मानला जात होता. धागा आजच्या मानाने आखूड होता, तरी नाव होते. कारण एका नावाखाली एकच कापूस मिळत असे. आज धागा लांब झाला; पण एकसारखेपणा हरवला.

येथे शासनाकडेही एक अपेक्षा व्यक्त करणे आवश्यक आहे. रुईची लांबी, बळकटी, जाडी व कचरा यंत्रावर काही मिनिटांत मोजता येतो. हे यंत्र गिरण्यांजवळ आहे, मोठ्या व्यापाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, आणि मुंबईला माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेत १९२४ पासून ह्याच विषयावर संशोधन चालू आहे. परंतु कापूस पिकविणारा स्वतःच्या कापसाचे गुण आकड्यांत जाणत नाही. सौदा करणाऱ्या दोघांपैकी एकालाच मालाची प्रत ठाऊक असेल, तर तो सौदा बरोबरीचा होत नाही. तालुक्याच्या बाजार समितीत रुईच्या तपासणीची सोय झाल्यास स्वच्छ वेचणीवरील शंभर व्याख्यानांचे काम ती एकटी करील.

कापसाची जागा जाईल काय

काही जाणकार असे म्हणतात की, पॉलिएस्टर स्वस्त आहे, ते वाढतच जाणार आणि कापूस हळूहळू संपणार. मग हा खटाटोप कशासाठी? आकडे असे आहेत. १९६० च्या सुमारास जगात वापरल्या जाणाऱ्या तंतूंपैकी सुमारे दोन-तृतीयांश कापूस होता. आज तो वाटा एक-पंचमांशाच्या आसपास आला आहे, आणि निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे. परंतु त्याच काळात कापसाचे जागतिक उत्पादन सुमारे १ कोटी टनांवरून अडीच कोटी टनांजवळ गेले. वाटा घटला, पण वजन वाढले. माणसे वाढली, कपडे वाढले, आणि त्या वाढीतला मोठा भाग पॉलिएस्टरने भरला.

मात्र पॉलिएस्टरमुळे कापसाच्या भावावर मर्यादा पडते, हे मान्य केले पाहिजे. मे २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला एक लाख रुपयांच्या वर गेला. तेव्हा अनेक गिरण्यांनी सुती सुताचे उत्पादन कमी केले आणि काही मिश्र व कृत्रिम सुताकडे वळल्या. पुढच्या हंगामात तसाच भाव येईल ह्या आशेने पुष्कळांनी घरात कापूस साठविला. पण तो भाव आला नाही. अलीकडचे निर्णयही ध्यानात ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मानवनिर्मित तंतूवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणि त्याच्या सुतावरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरील आयातशुल्क माफ होते. पहिल्याने पॉलिएस्टर स्वस्त झाले. दुसऱ्याने परदेशी स्वच्छ कापूस गिरणीच्या दारी आला. अशा वेळी हलक्या व कचऱ्याच्या कापसाची जागा प्रथम जाते. त्याचे काम पॉलिएस्टर अधिक स्वस्तात करते. घाम टिपणाऱ्या, मऊ, लांब व स्वच्छ कापसाचे काम मात्र पॉलिएस्टरला करता येत नाही. त्यासाठीच त्याला कापसाची सोबत लागते.

घरातील उपयोग व पारख

मिश्र कापडाची जागा आहे, तशी शुद्ध सुती कापडाचीही आहे, आणि ती सोडू नये. चुलीजवळ किंवा गॅसजवळ काम करताना अंगावर सुती कपडाच असावा. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. मिश्र कापडात तर जळलेल्या कापसाच्या सांगाड्यावर वितळलेले पॉलिएस्टर टिकून राहते आणि ते अधिक पेटते. तान्ह्या मुलाचे लंगोट, बाळंतिणीचे कपडे आणि उन्हात राबणाऱ्याचा सदरा सुतीच बरा. गोधडीची ऊबही जुन्या सुती लुगड्यांचीच खरी. पॉलिएस्टरची गोधडी निसरडी होते व घाम टिपत नाही.

कापडाची पारख घरीच करता येते. कापडाचे चार धागे काढून, चिमट्यात धरून, अंगणात काडीने पेटवावेत. कापूस कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे मऊ राख राहते. पॉलिएस्टर ज्योतीपासून आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. मिश्र धाग्यात राख आणि मणी दोन्ही सापडतात. गावसभेत हा प्रयोग करून दाखविल्यास अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा अधिक समजते. कापडावर तंतूंचे प्रमाण छापावे, असा नियम १९८८ पासून आहे. दुकानदाराला ते प्रमाण विचारण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी. कापूस पिकविणारा शेतकरी स्वतः कापडाचा मोठा ग्राहकही आहे. शाळा समितीत बसणाऱ्या पालकांनी गणवेशाचे कापड ठरविताना कापसाचा भाग अधिक असलेले कापड मागितले, तरी त्याचा उपयोग मुलांना होईल आणि कापसालाही होईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पुढील हंगामासाठी एवढेच काम हाती घ्यावे. पेरणीपूर्वी एका गावातील वीस घरे एका वाणावर राजी करावीत. वेचणीच्या आधी त्या घरांतून खताच्या गोण्या बाजूला काढून सुती झोळ्या शिवून घ्याव्यात. वेचणाऱ्या बायकांना बोलावून स्वच्छ वेचणीची जादा मजुरी सर्वांसमक्ष ठरवावी. पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस निराळा जिन करून त्याची रुई तपासून घ्यावी, आणि तपासणीचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. आपल्या कापसाची लांबी व स्वच्छता किती, हे गावाने एकदा आकड्यांत वाचले म्हणजे पुढच्या सौद्यात शेतकरी रिकाम्या हातांनी बसणार नाही. मिश्र सुतातील पॉलिएस्टरचा भाग कारखाना सांभाळील. कापसाचा भाग सांभाळणे खानदेशच्या शेतकऱ्याच्या हाती आहे.